मोडण्यासाठी घडवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे; पण माझ्यावर आजवर कोणीही बसलेले नाही. कोणी बसलेच तर तो थेट जमिनीवर येईल. मला घडवले तेच मुळी मोडण्यासाठी. वाईट वाटून घेऊ नका. मी दोनशे चौदा वेळा मोडले आहे आणि त्यातल्या एकाही वेळेचे मला दुःख नाही. उलट एका दुपारी मी न मोडता धडधाकट राहून गेले असते, तर मात्र जन्मभर पस्तावले असते. ती हकिगत सांगण्यासाठीच आज बोलते आहे.

माझे लाकूड बाल्साचे. बाल्सा उष्ण, दमट रानात वाढतो. कापसासारख्या लवीत गुंडाळलेले माझे बी वाऱ्यावर उडत आले आणि एक मोठा वृक्ष कोसळून जिथे उजेडाचे भगदाड पडले होते, तिथे रुजले. बाल्साला सावली सोसत नाही आणि वाट पाहणे तर मुळीच जमत नाही. सहा वर्षांत मी पाच मजली इमारतीएवढी उंच झाले. शेजारच्या सावकाश वाढणाऱ्या झाडांना तेवढ्या काळात धड चार फांद्या फुटल्या नव्हत्या. ती आपसात नक्कीच म्हणत असतील, "उथळ पाण्याला खळखळाट फार!"

त्यांचे अगदीच चूक नव्हते. घाईने वाढणाऱ्याचे अंग भरीव होत नाही. माझ्या आत पातळ भिंतींच्या मोठमोठ्या पेशी होत्या आणि त्या पाण्याने टच्च भरल्या होत्या. माझ्यात लाकूड कमी, पाणीच जास्त. शिवाय बाल्साचे आयुष्यही थोडे. काही वर्षे उलटली की गाभा आतून खराब होऊ लागतो. म्हणून सातव्या वर्षी लाकूडतोड्या आला, त्याचा मला राग नाही. त्याने माझा बुंधा थोपटला आणि सोबत्याला म्हणाला, "वेळेवर आलो बघ. अजून थोडी वर्षं गेली असती, तर आतून सगळं वाया गेलं असतं."

गिरणीत मला चिरले आणि भट्टीत रचून ठेवले. कित्येक दिवस गरम हवा माझ्या अंगातून फिरत राहिली. आत जाताना एकेक ओली फळी उचलून हमालाच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर निघाले, तेव्हा तोच हमाल चार फळ्या काखेत मारून शीळ घालत चालला होता. पाणी गेले, पेशींमध्ये नुसती हवा उरली. भारी लाकडाच्या पाचव्या हिश्श्याइतकेही माझे वजन राहिले नाही.

माझ्याबरोबरच्या फळ्या दूरदूर गेल्या. काही पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पोटात बसल्या. पाते लांबलचक हवे, ताठ हवे आणि वर हलकेही हवे, तर आत बाल्सा लागतो. काही होड्यांत गेल्या, काही खेळण्यातल्या विमानांचे पंख झाल्या. एक तर शीतगृहाच्या भिंतीत आहे म्हणे. कोंडलेली हवा बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. गंमत म्हणजे, जाणकार लोक आमची गणना 'कठीण लाकडां'त करतात आणि आमच्यावर नुसते नख दाबले तरी खड्डा पडतो.

मी मात्र एका फिरत्या नाटक कंपनीत आले.

त्या कंपनीचे सगळे सामान एका बाईच्या ताब्यात होते. तलवारी, पंखे, टेलिफोन, खोटी फळे, खऱ्या कपबश्या, सगळे. तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. ती सुताराची मुलगी. रंधा आणि पटाशी तिच्या हातात अशी चाले, जशी दुसऱ्या कोणाच्या हातात लेखणी. तिचा थोरला भाऊ त्याच कंपनीत नट होता. सगळे त्याला नाना म्हणत, मावशी तेवढी दादा म्हणे.

कंपनीच्या सर्वांत गाजलेल्या नाटकात नाना एका हट्टी बापाचे काम करीत. तिसऱ्या अंकात संतापलेला मुलगा बापाचीच खुर्ची उचलतो आणि त्याच्या पाठीत घालतो. खुर्चीचे तुकडे होतात, बाप कोसळतो, मुलाला पश्चात्ताप होतो, बाप डोळे उघडतो आणि पडदा पडतो. माझ्या आधी या कामासाठी खोक्याच्या पातळ फळ्यांची खुर्ची वापरत. ती मोडत असे, पण लागतही असे.

एकदा नानांची पाठ शेकताना मावशीने सदरा वर केला आणि ती थांबलीच.

"दादा, ही पाठ आहे की नकाशा?"

"अगं, चालायचंच. पण आवाज काय सुरेख येतो! पहिल्या रांगेतले लोक उडतात."

"आवाज लोकांना आणि वळ तुला. छान वाटणी केलीय."

दुसऱ्याच दिवशी ती खेळण्यातल्या विमानांचे सामान विकणाऱ्याच्या दुकानात आली. मी तिथेच फळ्यांच्या रूपात पडून होते. तिने मला उचलले, बोटावर तोलले, वाकवून पाहिले. दुकानदार म्हणाला, "बाई, याची खुर्ची होत नाही हो. बसलात की मोडेल."

"बसायचंय कुणाला?" मावशी म्हणाली आणि तिने होत्या तेवढ्या फळ्या बांधून घेतल्या.

मित्रांनो, बाल्सा कापायला ताकद लागत नाही, धार लागते. बोथट हत्याराने आम्ही कापले जात नाही, चेंगरतो. मावशी दर थोड्या वेळाने पाते परजत असे. लाकडाच्या रेषांच्या दिशेने आम्ही चांगल्यापैकी ताठ असतो, पण रेषा आडव्या आल्या की काडकन तुटतो. तिने माझा प्रत्येक भाग हे ध्यानात घेऊन कापला. उभी राहायला लागेल तेवढी ताकद ठेवली आणि जिथे मोडायचे तिथे आतून बारीक खाचा पाडल्या. बाल्सा रंग घटाघटा पितो, म्हणून आधी अस्तराचा हात दिला. मग काळपट तपकिरी रंग, आणि त्यावर पिसाच्या टोकाने भारी लाकडाच्या रेषा काढल्या. शेवटी तिने मला नेऊन खऱ्या खुर्चीशेजारी उभे केले. ती खुर्ची अस्सल, जड, कठीण लाकडाची. पहिले दोन अंक नाना तिच्यावर बसत. आम्ही दोघी इतक्या सारख्या दिसत होतो, की कंपनीत तिला थोरली आणि मला धाकटी असे नावच पडले.

आता परीक्षा घ्यायची होती. मावशी तिपाईवर पाठमोरी बसली आणि म्हणाली, "दादा, मार."

"अगं, तुला?"

"मी केलंय, आधी मीच खाणार. आणि हळू मारशील तर परत मारायला लावीन."

नानांनी डोळे मिटले आणि मारले. कडाड! असा आवाज झाला, की शेजारच्या खोलीतला शिंपी कात्री घेऊन धावत आला. माझे सतरा तुकडे झाले होते. मावशी तिपाईवर तशीच बसली होती. केसांत भुसा, चेहऱ्यावर हसू.

"काय गं, लागलं?"

"उशी फेकून मारल्यासारखं वाटलं. खरं सांगू? लहानपणी तू याच्यापेक्षा जोरात मारायचास."

नाना मटकन खाली बसले आणि इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. माझ्या आयुष्यातला तो पहिला कौतुकाचा क्षण. मोडून कौतुक करून घेणारी खुर्ची तुम्ही कुठे पाहिली आहे का?

मग माझे दिवस सुरू झाले. मुलाचे काम करणाऱ्या नटाला सगळे ताडमाड म्हणत, कारण तो दारातून वाकूनच येई. पहिल्या तालमीत त्याने मला दोन बोटांनी उचलले आणि सगळी कंपनी खो-खो हसली. मग मावशीने त्याला तासभर थोरली उचलायला लावली. गुडघे कसे वाकतात, श्वास कुठे अडकतो, मानेची शीर कशी फुगते, हे त्याच्या अंगवळणी पाडले. त्यानंतर तो मलाही अशी उचली, की प्रेक्षकांतल्या बायका "नको रे, नको!" म्हणून ओरडत.

प्रयोग संपला की मावशी गुडघ्यांवर बसून माझे तुकडे गोळा करी. डिंक लावून, सुतळीने आवळून वाळत ठेवी. जे तुकडे पार चुरा झाले असतील त्यांच्या जागी नवे घाली. दुसऱ्या अंकानंतर रंगमंचावर काही क्षण अंधार होत असे, तेवढ्यात थोरलीला आत आणून मला बाहेर ठेवायचे असे. हे काम ती कोणालाही देत नसे. माझ्या बैठकीखाली तिने निळा दोरा बांधला होता, आणि तरीही नेण्याआधी ती मला एका बोटावर उचलून बघेच.

अशी वर्षे गेली. मग कंपनीचे जुने मालक थकले आणि एक नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळे चकचकीत हवे असे. त्याने सगळ्या सामानाला नवे पॉलिश करवले. त्यात माझा दोरा गेला. "हे काय लोंबतंय?" म्हणून कोणीतरी तो कापून टाकला. मग व्यवस्थापकांनी मावशीला बोलावले.

"मावशी, आता तुम्ही धावपळ करायची नाही. सामान हलवायला माणूस घेतलाय. तुम्ही आरामात बसा आणि फक्त यादी सांभाळा."

"साहेब, त्या खुर्च्यांचं जरा—"

"सगळं होईल. तुम्ही काळजी सोडा."

मावशीला ते लागले. तिने फणकाऱ्याने यादी उचलली आणि सामानाच्या खोलीत जाऊन बसली. "नको तर नको," असे ती त्या दिवशी मोठ्या कपाटाला दोनदा म्हणाली.

नवा माणूस अंगाने दांडगा होता, स्वभावाने गरीब. सगळे त्याला पैलवान म्हणू लागले. लोखंडी पेटी तो टोपलीसारखी उचली. त्याला एवढेच सांगितले होते, "अंधार झाला की बाहेरची खुर्ची आत आण, आतली बाहेर ठेव." का, ते कोणी सांगितले नव्हते.

आणि नेमका त्याच आठवड्यात ताडमाडचा घसा बसला. दुपारच्या प्रयोगाला त्याच्या जागी एक बदली नट उभा राहिला. सकाळच्या तालमीत माझा डिंक वाळायचा होता, म्हणून त्याने मला हातही लावला नव्हता. नुसता हवेत खुर्ची उचलल्याचा आव आणला होता. त्याला सांगितले होते, "जीव तोडून मार. नानांना रोजची सवय आहे."

दुसरा अंक संपला. अंधार झाला. पैलवान थोरलीला आत घेऊन आला आणि माझ्याशेजारी ठेवली. तेवढ्यात कोणीतरी कुजबुजत हाक मारली, पडद्याची दोरी अडकली होती. त्याने ती सोडवली, वळला, समोर दोन सारख्या खुर्च्या. त्याने एक उचलली. त्याच्या हाताला थोरली काय आणि धाकटी काय, दोन्ही सारख्याच! तो गेला आणि मी पडद्याआड उभीच राहिले.

दिवे लागले. रंगमंचावर थोरली उभी होती.

मित्रांनो, वस्तूला सगळे कळते, पण हाक मारता येत नाही. नाना प्रेक्षकांकडे तोंड करून, मुलाकडे पाठ करून उभे होते. अगदी शांत. त्यांचा आपल्या बहिणीच्या हातावर पुरा भरवसा होता. बदली नट तावातावाने बोलत होता, घामाने भिजला होता, काम उत्तम करीत होता. मी चार पायांवर थरथरण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, आणि ते तरी खरेच घडले की मला नुसते वाटले, कोण जाणे.

तेवढ्यात मावशी आली. कितीही रुसली असली, तरी तिसऱ्या अंकाला तिला खोलीत बसवेना. मी तिच्या वाटेत होते. मला बाजूला सारावे म्हणून तिने पाठीला धरले. तिच्या मते मी थोरली होते, म्हणून तिने कंबर कसून जोर लावला, आणि मी अशी झटकन वर आले, की ती मागेच पडणार होती.

तिने माझ्याकडे पाहिले. मग रंगमंचाकडे पाहिले. तिला सगळे नाटक पाठ होते. मुलाची तीन वाक्ये उरली होती.

"ओरडणारच होते," ती नंतर सांगे, "पण जीभ टाळ्याला चिकटली." मग तिने तेवढेच केले, जे तिच्या पायांना जमले. डिंकाचे डाग पडलेल्या एप्रनसकट, मला एका बोटावर अडकवून, ती सरळ उजेडात चालत गेली.

बदली नटाने थोरली खांद्यापर्यंत उचलली होती.

"अहो धाकटे मालक, थांबा!" मावशी घरच्या मोलकरणीच्या थाटात म्हणाली. "ती नको, ती आजच पुसलीय! मारायचंच असेल तर ही घ्या. हिचा पाय तसाही डुगडुगतो."

सभागृहात असा हशा उसळला की छत हलले. बदली नट तोंड उघडे टाकून उभा. नानांनी आवाज ओळखला. अंधाराखेरीज जन्मात कधी रंगमंचावर न आलेली बहीण! ते वळले. त्यांना तिच्या बोटावर लटकलेली मी दिसले आणि मुलाच्या खांद्यावरची थोरली दिसली. रंगवलेल्या चेहऱ्याखालीसुद्धा त्यांचा रंग उतरला. पण नट तो नट. ते म्हणाले, "ऐक रे तिचं. या घरात तेवढं एकच माणूस शहाणं आहे."

मावशीने मला टेकवून दोन्ही हातांनी थोरली काढून घेतली आणि खाली ठेवली. धप्प! तो आवाज फळ्यांतून आत गेला, आणि पडद्याआड उभ्या असलेल्या एकेकाला कळले, नानांच्या पाठीत काय बसणार होते. मग नटाने मला उचलले. त्याचे डोळे विस्फारले. पण त्याने मारले, आणि मित्रांनो, मी कधी नव्हे इतकी आनंदाने मोडले. एक पाय पहिल्या रांगेत जाऊन पडला. नाना कोसळले. एरवी ते बराच वेळ डोळे मिटून पडत; त्या दिवशी त्यांनी लगेच एक डोळा उघडून बहिणीकडे पाहिले. ती तिथेच थोरलीवर बसली होती. प्रेक्षकांना तोही नाटकाचाच भाग वाटला. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

व्यवस्थापक धावत आत आले. "मावशी, हा काय प्रकार? इतक्या गंभीर प्रवेशात लोक हसले!"

नाना अजून जमिनीवरच होते. ते म्हणाले, "साहेब, जरा ती खुर्ची उचलून बघा." मावशी उठली. व्यवस्थापकांनी थोरली उचलली. दोन्ही हात लावावे लागले. "आता हे धरा," म्हणून नानांनी माझा एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. व्यवस्थापकांनी एकदा तुकड्याकडे पाहिले, एकदा खुर्चीकडे, एकदा नानांच्या पाठीकडे. मग ते नानांशेजारी जमिनीवरच बसले. चकचकीत पँटीची त्यांना शुद्ध नव्हती.

पैलवान कोपऱ्यात उभा होता. तो रडत रडत म्हणाला, "मावशी, मला दोन्ही सारख्याच वाटल्या हो."

"तुला कुणी सांगितलं होतं का, एक हलकी असते म्हणून?"

"नाही."

"मग तू का रडतोस? ज्यांनी सांगितलं नाही त्यांनी रडावं. त्यात मीही आले. मी रुसून बसले होते. एक वाक्य सांगायला माझं काय जात होतं?"

एवढे बोलून ती खरोखरच रडली, आणि रडता रडता हसू लागली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढ्या लोकांसमोर यायला भीती नाही वाटली तुला?"

"लोक होते?" मावशी डोळे पुसत म्हणाली. "मला दिसलेच नाहीत."

त्या संध्याकाळी सगळे इतका चहा प्यायले, की किटली दोनदा भरावी लागली. बदली नट पुन्हा पुन्हा नानांचा हात धरून बघत होता, जणू ते खरेच शाबूत आहेत का ते तपासत होता. व्यवस्थापकांनी स्वतःच्या हाताने नवा निळा दोरा आणून दिला. मावशीने पैलवानाला माझ्यासमोर बसवले आणि बाल्साची सगळी कुंडली सांगितली. तो मला करंगळीवर उचलून लहान मुलासारखा हसला. पुढे अंधारातली अदलाबदल तोच करू लागला, आणि मी जितकी निर्धास्त मावशीच्या हातात असे, तितकीच त्याच्या हातात राहिले. पुढच्या प्रयोगाला लोकांनी त्या मोलकरणीची चौकशी केली. मावशीने निरोप धाडला, "तिला एकच संवाद येत होता, तो म्हणून झाला."

आता ते नाटक बंद झाले आहे. शेवटच्या प्रयोगानंतर माझे तुकडे कोणी फेकून दिले नाहीत. मावशीने मला नीट जोडले आणि नाट्यशाळेला देऊन टाकले. तिथे काचेच्या कपाटात मी उभी असते. ओल लागली तर मला बुरशी धरते, म्हणून कपाट कोरडे ठेवतात. धूळ मऊ फडक्याने टिपतात. एवढी काळजी माझ्यासारख्या नाजूक लाकडाला पुरते. नाना अधूनमधून येतात, ताठ पाठीने.

तुम्हाला माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात, शाळेत, कामावर कोणी नवे माणूस येईल. काय जपून धरायचे, काय कुठे मोडते, कशाने इजा होते, हे तुम्हाला ठाऊक असेल, त्याला नसेल. तेव्हा राग असो, रुसवा असो, घाई असो, त्याला तेवढे सांगून टाका. त्या दुपारी मला सगळे दिसत होते, पण तोंड नव्हते. तुम्हाला आहे.